भाऊ दाराबाहेर

स्कॉटलंडच्या उमरावांशी माझी सोयरीक जुळली ती माझ्या मर्जीनं नाही, सरांनी जुळवली. मला पीएच.डी.साठी मार्गदर्शक हवा होता, आणि इतिहासाच्या ज्या एकमेव सरांकडे जागा रिकामी होती ते कधीकाळी दहा दिवस एडिंबरोला जाऊन आले होते. येताना त्यांनी दोन बॅगा भरून झेरॉक्स आणल्या होत्या. एकोणिसाव्या शतकातल्या एका अर्ल घराण्याची पत्रं, करारनामे, घरखर्चाच्या वह्या. त्या दोन बॅगांवर सरांची उरलेली सगळी नोकरी निघाली. जो विद्यार्थी येईल त्याच्या ओंजळीत त्यातले काही गठ्ठे पडायचे. माझ्या आधीच्याला शिकार मिळाली होती, त्याच्या आधीच्याला मेंढ्या. माझ्या वाट्याला 'उमरावांचं कौटुंबिक जीवन' आलं.

मी म्हटलं, "सर, मला आपल्याकडच्या तलावांवर काम करायचं होतं."

सर म्हणाले, "तलाव कुठं पळून चाललेत? आधी पदवी पदरात पाडा, मग जन्मभर तलावच करा."

पदरात पडायला मला सात वर्षं लागली. तेवढ्या काळात मी त्या अर्लाच्या घरातल्या सगळ्यांची आजारपणं, रुसवेफुगवे आणि जेवणावळी पाठ केल्या. माझ्या सख्ख्या मामांची मुलं किती हे विचारलं तर मी बोटं मोजते, पण त्या अर्लाच्या तिसऱ्या मुलाला कोणत्या पलटणीत चिकटवलं ते आजही झोपेतून उठवलं तरी सांगेन.

तेव्हा मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांनी आपलं नशीब चांगलं समजावं. तास घेतला तर तुम्ही मॅडम, सुट्टी लागली की तुम्ही कोणीच नाही; वर्षातले जेमतेम सात महिने पगार. दर वर्षी जूनमध्ये नव्यानं अर्ज, नव्यानं मुलाखत. समोर तीच मंडळी बसलेली, जी वर्षभर माझ्यासोबत चहा प्यायची, आणि ती चेहरा कोरा ठेवून म्हणायची, "आपली ओळख करून द्या." जिल्हा फुटला आणि गोंदिया वेगळा झाला तेव्हा मी बी.ए.ला होते. सगळे म्हणायचे, आता नवीन कार्यालयं, नवीन जागा, पोरांचं भलं होईल. भलं झालं असेल, पण ज्यांचं झालं त्यांच्यात मी नव्हते.

उमरावांतही तासिकावाले असतात हे मला त्या गठ्ठ्यांनीच शिकवलं. इंग्लंड-स्कॉटलंडचं राज्य एक झाल्यावर स्कॉटलंडच्या लॉर्डांना लंडनच्या पार्लमेंटच्या वरच्या सभेत आपोआप बसता येत नसे. त्यांच्या त्यांच्यात निवडणूक व्हायची आणि मोजकेच आत जायचे. जे राहिले त्यांनी खालच्या सभेला उभं राहायचं म्हटलं तर तेही नाही, कारण ते पडले लॉर्ड. आमचा अर्ल या राहिलेल्यांतला होता. नाव मोठं, मुकुट घरात, आणि बसायला खुर्ची कुठंच नाही. ते वाचलं त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये एकटीच हसत सुटले. शिपायानं आत डोकावून पाहिलं, मॅडम ठीक आहेत ना म्हणून.

एरवी मला त्या लोकांचा रागच यायचा. माझे आजोबा आमच्या गावी, एकोडीत, दुसऱ्यांच्या बांध्यांत राबले. छप्पन सालच्या दीक्षेनंतर त्यांनी पहिल्यांदा ताठ मानेनं स्वतःची जमीन घ्यायचं मनात आणलं आणि ती व्हायला अर्धं आयुष्य गेलं. आमच्याकडे शेताच्या एका तुकड्याला बांधी म्हणतात. बोडीला, म्हणजे लहान तळ्याला, लागून तीन बांध्या, एवढीच आमची इस्टेट. आणि हा अर्ल, ज्याच्याकडे डोंगर आणि सरोवरं होती, ज्याच्या बापानं मेंढ्या चराव्यात म्हणून गावंच्या गावं उठवली होती, तो पानोपानी रडत होता. जमीन वंशाला बांधून दिलेली. ती विकायची नाही, तोडायची नाही, फक्त सांभाळायची आणि मोठ्या मुलाच्या हाती द्यायची. पुढं कायदा जरा सैल झाला, तर तुकडा विकायला त्याच मोठ्या मुलाची संमती लागू लागली. मुलगा सही देईना आणि बाप घरातल्या भिंतीवरची चित्रं काढून विकायचा.

मी सुट्टीत एकोडीला गेले की आईला हे सांगायची. आईला त्या अर्लाचं भारी वेड लागलं होतं. ती त्याला लाट म्हणायची.

"मंग तुया तो लाट आता कायले रडून राहिला?"

"माय, त्याले जमीन इकता येत नाई."

"इकाची कायले? खाले नाई का त्याले?"

"हाय ना, लय हाय. पन त्याच्या मनानं काईच नाई करता येत."

आईनं चुलीत काडी सारली. "असं हाय का? मंग लाट कायचा तो, सून म्हन ना." बाबा ओट्यावर बसून खोकता खोकता हसले होते. त्यानंतर दोन वर्षांनी बाबा गेले.

सातबाऱ्यावर वारस चढवायचे होते. माझा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्यानं स्वतः तलाठ्याकडे जाऊन तिघांची नावं सांगितली. आई, मी आणि तो. बहिणीचं नाव गाळणारे भाऊ मी कितीतरी पाहिलेत, त्यातला हा नाही, हे मला आधीच सांगून टाकायचं आहे. लहानपणी त्याला मी अंगाखांद्यावर वागवलं, त्याच्या शाळेच्या चड्डीला नाडी घातली, दहावीला तो गणितात अडकला तेव्हा रोज संध्याकाळी दोन तास त्याच्यासमोर बसले. तो मला बाई म्हणतो, आमच्याकडे मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. शेती त्यानं सांभाळली. मी भंडाऱ्याला एका खोलीत भाड्यानं राहत होते, लग्न केलं नव्हतं, आणि रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, वेळी दोन दिवस चिखलात उतरायचं एवढाच माझा शेतीशी संबंध.

पण नाव होतं. आणि नाव आहे म्हणजे सही लागते. धान सरकारी खरेदी केंद्रावर न्यायचं तर सातबाऱ्यावरच्या सगळ्यांचं संमतीपत्र. आईचा अंगठा घरचा. माझी सही मात्र भंडाऱ्याला. दर हंगामात भाऊ एसटीनं यायचा आणि कॉलेजच्या दारात कागदाची सुरळी धरून उभा राहायचा. आत यायला लाजायचा. मी तास सोडून बाहेर यायची, भिंतीवर कागद टेकवून सही करायची. एका वर्षी माझी परीक्षेची ड्युटी भलत्याच गावी लागली आणि चार दिवस मी त्याला सापडले नाही. त्याचा नंबर गेला. केंद्रासमोर पोती उघड्यावर राहिली आणि अवकाळी पाऊस येऊन पडला. भिजलेलं धान त्यानं पुन्हा आणून अंगणात वाळवलं. मला एक शब्द बोलला नाही.

त्या उन्हाळ्यात मी घरी गेले तेव्हा जेवताना तो म्हणाला, "बाई, एकदाचं हक्कसोड करून देशील का?"

हक्कसोड म्हणजे बहिणीनं बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावासाठी सोडून द्यायचा, तसा कागद करायचा आणि निबंधकासमोर जाऊन सही ठोकायची. ही काही वाईट चालीची गोष्ट समजली जात नाही. उलट चांगल्या घरच्या मुली न मागता करून देतात, अशीच समजूत. जिनं हिस्सा मागितला ती वाईट. आमच्याच गल्लीत अशी एक होती. तिला तिचा हिस्सा मिळाला, कायद्यानं मिळाला, पण त्यानंतर भावाच्या घरचं एकही बोलावणं तिला गेलं नाही. तिची आई वारली ते तिला दुसऱ्याकडून कळलं.

मी भावाला म्हटलं, "पाहू."

आई म्हणाली, "पाहाचं का त्याच्यात? भाऊ हाय तुया. देऊन टाक. तुले कायले पाहिजे वावर?"

तिचं बरोबर होतं. मला वावर कशाला पाहिजे होतं? मी काय नांगर धरणार होते? हे मी स्वतःला हजारदा विचारलं आणि शेवटी उत्तर सापडलं ते भंडाऱ्याच्या खोलीत कपडे धुताना. मला वावर नको होतं. मला त्या कागदावरचं नाव हवं होतं. कॉलेजात मी हंगामी, खोलीत भाडेकरू, विद्यापीठाच्या यादीत 'नोंदणी नूतनीकरण प्रलंबित'. सगळ्या जगात एका सातबाऱ्यावर मी कायम होते. दर वर्षी मुलाखत न घेता. ते नाव काढून द्यायचं म्हणजे आपण होऊन शेवटची खुर्ची उचलून देण्यासारखं होतं. न द्यावं तर भाऊ तुटणार, आणि आई भावाच्या घरात. दोन्ही बाजूंनी माझंच जाणार होतं. मी महिनाभर चिडचिड केली. विद्यार्थ्यांवर ओरडले, घरमालकिणीशी नळावरून भांडले, सरांना फोनवर 'नाही जमणार' म्हटलं आणि पाच मिनिटांनी पुन्हा फोन करून माफी मागितली.

नेमका त्याच महिन्यात माझा चौथा गठ्ठा उघडला होता. त्यात अर्लाच्या थोरल्या मुलीचा एक कागद होता. ती घरात सगळ्यांत मोठी, पण जमीन जाणार धाकट्या भावाला, कारण तो मुलगा. ते ठरलेलंच. बापाच्या बाकी चीजवस्तूंत मात्र मुलामुलींचा हक्क असे, आणि लग्नानंतर तिनं तोही सोडून दिला होता. त्या सोडलेल्या हक्काचा हा कागद. म्हणजे हक्कसोडच की! सातासमुद्रापलीकडच्या महालातली बाई आणि एकोडीची मी, दोघी एकाच कागदावर.

पण त्यांच्याकडे एक पद्धत होती. लग्न झालेल्या बाईनं असा कागद केला की तिला न्यायाधीशासमोर उभं करायचे आणि नवऱ्याला बाहेर पाठवायचे. नवरा दाराबाहेर गेला की मग तिला विचारायचे, बाई, हे तू आपल्या मनानं करतेस की कोणी करायला लावलं? तिनं शपथेवर सांगायचं. कागदावर तसं लिहिलेलं असायचं, की नवरा हजर नसताना विचारलं. मी त्या ओळीवरून कितीदा तरी बोट फिरवलं. मेंढ्यांसाठी माणसं हाकलणाऱ्या लोकांना एवढी अक्कल होती! आपल्याकडे बाईला राजीखुशी विचारतात तेव्हा घरचे सगळे पुरुष गराडा घालून उभे असतात. मी या पद्धतीवर अकरा पानं लिहिली. बाईला संरक्षण देणारी पद्धत, असं त्यात ठासून म्हटलं. सर म्हणाले, "अकरा पानं? पंधरा ओळींत उरका."

शेवटी मी भावाला फोन करून सांगितलं, "ये मंग, निबंधकाची तारीख घेऊन." फोनवर त्यानं श्वास सोडलेला मला ऐकू आला.

साकोलीला निबंधकाच्या कार्यालयात आम्ही दुपारी पोचलो. भावानं गावातून दोन साक्षीदार आणले होते, एक आमचा चुलत काका आणि एक ग्रामपंचायतीचा माणूस. भाऊ त्या दिवशी माझी फार काळजी घेत होता. बाकावरची धूळ त्यानं आपल्या दुपट्ट्यानं पुसली. मला आलुबोंडा आणून दिला, तर्री वेगळी, कारण मला तिखट चालत नाही हे त्याला माहीत. "बाई, पंख्याखाली बस," म्हणाला. काम झालं की दोघांनी एकोडीला जायचं ठरलं होतं. आईनं वडाभात करून ठेवला होता. सगळं इतकं गोड चाललं होतं की मला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचा राग येत होता.

आमचा नंबर आला. टेबलामागचे साहेब वयस्कर होते, चष्मा नाकाच्या टोकावर. बाजूला एक मुलगी संगणकावर, तिच्यासमोर छोटा कॅमेरा आणि अंगठा घ्यायचं यंत्र. भाऊ माझ्या खुर्चीला खेटून उभा राहिला. साहेबांनी कागद चाळले, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा रोजचा प्रश्न विचारला.

"ताई, हक्क स्वखुशीनं सोडून राहिल्या ना? कोणाचा दबाव वगैरे?"

मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाला, "नाई नाई साहेब, स्वखुशीनंच हाय."

त्याच्या मनात काही नव्हतं. आजही शपथेवर सांगेन, काही नव्हतं. दवाखान्यात आईला काय होतंय हे तोच सांगतो, बँकेत काकांचं काम तोच बोलतो, तसंच इथंही बोलला. पण माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं. माझी खुशी, आणि तीसुद्धा यानंच सांगायची? इतकी वर्षं वाचलेलं सगळं एकदम वर आलं आणि मी म्हटलं, "साहेब, माझ्या भावाला जरा बाहेर पाठवा. मग मला विचारा."

संगणकावरच्या मुलीची बोटं थांबली. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे, मग जमिनीकडे. भाऊ हसला, म्हणजे हसल्यासारखं केलं. त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

साहेब मात्र सरळ माणूस निघाले. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "बरोबर आहे ताईंचं. भाऊ, तुम्ही दोन मिनिटं बाहेर थांबा. साक्षीदारांनीही."

भाऊ गेला. जाताना दाराशी त्यानं एकदा मागं वळून पाहिलं. त्याच्या मागून काका आणि तो ग्रामपंचायतवाला. दार ओढलं गेलं.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "बोला. तुमच्या मनात नसेल तर इथंच थांबते सगळं. मी दस्त परत करतो. तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही."

झालं! जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. दार बंद, विचारणारा भला, आणि 'नाही' म्हणायला पूर्ण मुभा. त्या अर्लाच्या मुलीबद्दल लिहिताना मी नेहमी कल्पना केली होती, की नवरा बाहेर गेल्यावर तिनं मोकळा श्वास घेतला असेल. माझी नजर मात्र दारावर गेली. त्या खोलीला एकच दार होतं. आत काहीही बोलले तरी मला त्याच दारानं बाहेर जायचं होतं, आणि दाराच्या पलीकडे तो उभा होता. अकरा पानं लिहिताना ही एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. नवऱ्याला बाहेर काढतात, पण तो बाहेर कुठं जातो? दारातच तर थांबतो.

"स्वखुशीनंच आहे," मी म्हटलं.

"नक्की ना?"

"नक्की."

साहेबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा घातला. मुलगी म्हणाली, "मॅडम, कॅमेऱ्याकडे पाहा." मी पाहिलं. अंगठा दिला, दुसऱ्या हाताचाही दिला, सह्या केल्या. मग सगळ्यांना आत बोलावलं आणि त्यांच्याही सह्या झाल्या. भावानं माझ्याकडे न बघता सही केली.

काका आणि तो दुसरा माणूस मोटरसायकलवर निघून गेले. संध्याकाळपर्यंत गावभर होणार हे तिथंच कळलं. आम्ही दोघं बसस्टँडपर्यंत पायी आलो. भाऊ चार पावलं पुढं. स्टँडवर आल्यावर तो थांबला.

"मी बाहेर होतो तवा तू साहेबाले का सांगितलं?"

"काईच नाई. स्वखुशीनं देतो म्हनलं. झाली ना सही, पाहिली ना तू?"

"पाहिली." त्यानं दुपट्टा तोंडावरून फिरवला. "हो म्हनाचं होतं, त मले बाहेर कायले काढलं?"

नाही म्हटलं असतं तर निदान बाहेर काढण्याला काही अर्थ होता. मी त्याला चक्क स्कॉटलंड सांगायला लागले. साकोलीच्या बसस्टँडवर, कंडक्टरच्या आरडाओरड्यात, की बघ तिकडं अशी पद्धत होती, न्यायाधीश नवऱ्याला बाहेर पाठवायचे, बाईला एकटीला विचारायचे. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. लहानपणी गणित ऐकायचा तसंच, मान खाली घालून.

"बाई, मी तुया नवरा नोहो," तो म्हणाला. "भाऊ हाव. चार लोकाईसमोर तू मले चोर बनवलं. वावर नाई देतो म्हनली असती त चाललं असतं."

एकोडीकडची गाडी लागली. तो चढला. त्यानं मला चल म्हटलं नाही आणि नको येऊ असंही म्हटलं नाही. मी फलाटावर उभी राहिले आणि गाडी गेली. वडाभात तसाच राहिला असेल. मी भंडाऱ्याच्या गाडीत बसले. वाटेत लाखनी येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते आणि शेजारची बाई मला सारखी पाण्याची बाटली देत होती.

जमीन गेली ती भाऊ राहावा म्हणून, आणि भाऊ मी माझ्याच हातानं दाराबाहेर काढला. असा आतबट्ट्याचा व्यवहार तो अर्लसुद्धा करता ना.

प्रबंधातलं ते प्रकरण मी पुन्हा उघडलं. 'संरक्षण देणारी पद्धत' हे शब्द खोडले. सरांनी ते पुन्हा घातले, म्हणाले, निष्कर्ष स्पष्ट हवा. मी वाद घातला नाही. तसाच प्रबंध छापला गेला, बांधला गेला आणि मंजूर झाला. आता माझ्या नावामागे डॉक्टर लागतं. तोंडी परीक्षेनंतरच्या जूनमध्ये समितीनं मला सांगितलं, "आपली ओळख करून द्या."

त्या जूननंतर, रोवण्याच्या दिवसांत, मी एकोडीला गेले. वर्षभरानं. कोणी वाईट वागलं नाही. भावजयीनं आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि माझ्यासाठी मांडली. त्या घरात मी तोवर कधी खुर्चीवर बसले नव्हते. चहा नव्या कपात आला. बांधीत उतरते म्हटलं तर भावजय म्हणाली, "राहू द्या बाई, मजूर लावले हायेत." भाऊ शेतावर होता. मी आल्याचं त्याला कळलं होतं.

भावजय शेतावर भाकरी घेऊन गेली आणि घरात मी आणि आई दोघीच उरलो. आई सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मी खुर्चीवरून उठून तिच्याजवळ जमिनीवर बसले.

तिनं वर न पाहता विचारलं, "त्याले बाहेर काढून तू का सांगितलं वो?"

"हो म्हनलं, माय. बस, येवढंच."

"आन् तुले का म्हनाचं होतं?"

हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. साहेबांनी विचारला होता, पण त्यांना उत्तर लिहून घ्यायचं होतं.

"नाई म्हनाचं होतं," मी म्हटलं.

आईचे हात थांबले. "मले मालूम होतं," ती म्हणाली. मग सुपातला एक खडा वेचून तिनं दाराबाहेर फेकला. "मालूम होतं म्हनूनच तुले देऊन टाक, देऊन टाक करत होती. तू नाई म्हनली असती, आन् यानं तुयावरचा राग मायावर काहाडला असता, त मी कोनाच्या घरी गेली असती?"

माझ्या घरी, असं म्हणायला मी तोंड उघडलं. डोळ्यांसमोर भंडाऱ्याची खोली आली, पगाराचे ते सात महिने आले, घरमालकीण आली. आईनं वाट पाहिली. खरंच पाहिली, माझ्या तोंडाकडे बघत.

मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, खुंटीवरची पिशवी काढली आणि माझ्यासोबत द्यायला तांदूळ भरू लागली.